जुनी लष्करी बंदूक: लॉकप्लेटवर मुकुट, १८६० आणि 'टॉवर'. ही नक्की कुठली?

दाभोळखाडी

नमस्कार. दापोली तालुक्यातल्या माझ्या माहेरी ओटीच्या भिंतीवर एक जुनी बंदूक आहे. घर आता दुरुस्तीला काढायचं आहे, म्हणून ती खाली उतरवली आणि पहिल्यांदाच उजेडात नीट पाहिली. घरात सगळे तिला 'सत्तावन्नची बंदूक' म्हणतात. आमचे एक पूर्वज मुंबई लष्करात सुभेदार होते, पेन्शनीत आल्यावर दापोली कॅम्पात राहिले आणि ही बंदूक त्यांनी सोबत आणली, असं लहानपणापासून ऐकत आले आहे.

दिसतं ते असं. लांबी साधारण साडेचार फूट. नळीला लाकडाशी धरून ठेवणारी तीन कडी. खाली लोखंडी गज. उजव्या बाजूला मोठा घोडा आणि त्याच्या खालच्या पट्टीवर (लॉकप्लेट) मागे मुकुट, मुकुटाखाली व्ही. आर., पुढे १८६० आणि त्याखाली इंग्रजीत 'टॉवर'. नळीच्या बुडाशी एक लोखंडी ठोकळा आहे, तो उजवीकडे बिजागरीवर उघडतो. दस्त्याच्या उजव्या अंगाला पुसट गोल शिक्का, आणि त्याच्या जवळ बाणाचं टोक व खाली इंग्रजी आय. दस्त्याच्या पितळी पट्टीवर वरच्या बाजूला दोन अंकी आकडा.

फोटो टाकले आहेत. कोणाला यातलं कळत असेल तर कृपया सांगा. विकायची वगैरे नाही, फक्त ती काय आहे ते आम्हाला जाणून घ्यायचं आहे.

सह्यवाट

खाली गज आहे म्हणजे ठासणीची, तोंडातून भरायची. साल १८६० आहे, पण बंदूक आधी तयार होऊन शिक्का नंतर पडला असेल. सत्तावन्नची असू शकते.

माजी_आर्मरर

ताई, ओळख नंतर. आधी हे करा: नळीचं तोंड कोणाकडेही न रोखता, घोडा न ओढता, तो ठोकळा उघडून आत काडतूस नाही ना ते बघा. घोडा ठोकळ्यावर टेकलेला असेल आणि ठोकळा हलत नसेल तर जोर लावू नका, बंदुकीच्या कामाचा परवाना असलेल्या माणसाला दाखवा. वर्षानुवर्षं भिंतीवर असलेल्या बंदुकीत बार भरलेला सापडतो, मी पाहिलं आहे. चाप ओढून बघायचा मोह घरातल्या कोणालाही होऊ देऊ नका, मुलांना तर जवळच येऊ देऊ नका.

ती रिकामी आहे हे कळलं की पुढचे फोटो हवेत: ठोकळ्याचा वरून आणि डावीकडून, नळीच्या बुडाचा डावीकडून, आणि दस्त्यावरच्या शिक्क्याचा. शिक्का पुसट असला तर फ्लॅश मारू नका. खोलीत अंधार करून टॉर्च अगदी बाजूने, लाकडाला समांतर धरा. खोलगट अक्षरांत सावली पडते आणि शिक्का उठून दिसतो. पातळ कागद ठेवून वरून मऊ पेन्सिल आडवी फिरवली तरी चालेल. खडूची पूड, पीठ असलं काही चोळू नका.

दाभोळखाडी

रिकामी आहे. भाऊ बाजूला उभा होता, त्यानेच उघडली. ठोकळा उजवीकडे वर उचलला जातो आणि उघडल्यावर थोडा मागेही सरकतो. डावीकडे कसलीही कळ किंवा खटका नाही. ठोकळ्याच्या मागच्या भागात एक बारीक पिन तिरकी जाते. नळीच्या बुडाशी डाव्या बाजूला रोमन दोन आणि त्यापुढे दोन चांदण्या आहेत.

नवे फोटो टाकले. दस्त्यावरचा बाण आणि आय कागदावर छान उमटले.

माजी_आर्मरर

उत्तम फोटो. आता सविस्तर लिहितो.

ही स्नायडर-एनफिल्ड, म्हणजे ठासणीच्या एनफिल्डची मागून भरायची केलेली ब्रिटिश लष्करी बंदूक. रोमन दोन आणि दोन चांदण्या म्हणजे मार्क दोन, दोन चांदण्यांचा, स्नायडरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. डावीकडे खटका नाही हेही त्याच्याशी जुळतं. खटक्याने ठोकळा घट्ट बसणारा मार्क तीन १८६९ मध्ये आला. त्याची नळी पोलादी असायची आणि तिच्यावर तसं इंग्रजीत लिहिलेलं असायचं. तुमची नळी लोखंडी आहे.

अशा बंदुकीत एकाहून जास्त काळ एकत्र आलेले असतात, म्हणून तिचा प्रत्येक भाग वेगळा वाचावा लागतो. लॉकप्लेट, घोडा, लाकूड, कडी आणि नळीचा बराचसा भाग १८५३ नमुन्याच्या एनफिल्डचा आहे. ती खरोखरच ठासणीची होती, त्यामुळे सह्यवाट यांचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर आहे, गज तिथूनच आला. नळीचा भोक ०.५७७ इंच, आतून तीन खाचा, नळी ३९ इंच. १८६६ मध्ये ब्रिटिश सरकारने जेकब स्नायडर या अमेरिकन माणसाची युक्ती स्वीकारली: ठासणीच्या एनफिल्डची नळी बुडाशी अडीच इंच कापायची, तिथे बिजागरीच्या ठोकळ्याचा सांगाडा पेचाने बसवायचा, आणि मागून काडतूस भरायचं. गोदामात पडलेल्या हजारो ठासणीच्या बंदुका फार थोड्या खर्चात मागून भरायच्या झाल्या. मिनिटाला तीन बार काढणारा शिपाई दहा बार काढू लागला. स्नायडर स्वतः त्याच वर्षी वारला.

म्हणून लॉकप्लेटवरचं १८६० हे लॉकप्लेटचं साल. आज हातात आहे त्या रूपात ही बंदूक १८६६ च्या आधी असणं शक्य नाही.

आता 'टॉवर'. लंडनच्या टॉवरमध्ये ती बनली असा अर्थ काढू नका. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात बनलेल्यावर 'एनफिल्ड' असतं. 'टॉवर' म्हणजे बर्मिंगहॅम आणि लंडनच्या ठेकेदारांनी सुटे भाग करून दिले, जुळवले, आणि सरकारी तपासनीसांनी पास केले. हा फरक नुसता नावाचा नाही. एनफिल्डला तोवर यंत्रं बसली होती, तिथल्या एका बंदुकीचा स्क्रू दुसरीला बसायचा. ठेकेदारांचं काम हाताचं. प्रत्येक बंदुकीचे भाग तिचे तिचेच, ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारागीर स्क्रूवर आणि कड्यांच्या आत कानशीने एक, दोन, तीन असे बारीक कट मारायचे. तुमच्या दुसऱ्या फोटोत मधल्या कड्याच्या कडेला तसे दोन कट दिसतात. कडी काढून बघू नका, दीडशे वर्षांचं लाकूड चिरतं.

मुकुटाखाली व्ही. आर., राणी व्हिक्टोरियाची अक्षरं आहेत, म्हणजे सरकारी माल. खाजगी विक्रीसाठी आणि परदेशी गिऱ्हाइकांसाठी बनलेल्यांवर बहुधा नुसता मुकुट असतो, खाली अक्षरं नसतात.

आणि बाणाखालचा आय. नुसता रुंद बाण हा ब्रिटिश सरकारच्या मालकीचा. बाणाखाली आय म्हणजे ती हिंदुस्थान सरकारच्या खात्यात गेली. हा शिक्का नसता तर ही बंदूक नंतर कधी तरी इकडे आली की काय अशी शंका राहिली असती. शिक्का आहे, त्यामुळे ती सरकारी नोंदीतून हिंदुस्थानात आली हे पक्कं.

दस्त्याच्या पितळी पट्टीवरचा दोन अंकी आकडा हा कारखान्याचा क्रमांक नाही. त्या काळच्या ब्रिटिश लष्करी बंदुकांना कारखाना क्रमांक देतच नसे. पलटणीत किंवा ठाण्यात रॅकवर ठेवायचा तो नंबर. त्यावरून माणूस शोधता येत नाही, हे आधीच सांगतो, कारण पुढचा प्रश्न तोच येतो.

पानगळ

काका, तीन चांदण्या किंवा एक चांदणी असं पण असतं का?

माजी_आर्मरर

एक चांदणी असते. मार्क एक पासून सुरुवात झाली, काडतूस मागे ढकललं जात होतं, ठोकळ्यात आणि बैठकीत सुधारणा होत गेल्या आणि प्रत्येक सुधारणेला चांदणी वाढली. जुन्याही बऱ्याच बंदुका नंतर दोन चांदण्यांपर्यंत आणल्या गेल्या.

इतिहासप्रेमी_वाई

सत्तावन्नचं काय मग? ताईंच्या घरची आठवण पूर्णच चुकीची ठरवायची का? मला अशा आठवणी एका वाक्यात उडवून लावणं पटत नाही.

माजी_आर्मरर

उडवून लावत नाही. सुभेदार होते, दापोली कॅम्पात होते, हे सगळं खरं असू शकतं. दापोली हे मुंबई लष्कराच्या पेन्शनरांचं ठाणंच होतं. पण बंदूक आणि माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बंदुकीबद्दल लोखंड बोलतं तेवढंच मी सांगू शकतो.

१८५७ मध्ये हिंदी शिपायांच्या हाती एनफिल्ड फारशी पोचलीच नव्हती. काडतुसांवरून रान पेटलं हे खरं, पण ती बंदूक तेव्हा डमडम, अंबाला आणि सियालकोट इथल्या शिकवणीच्या केंद्रांत होती. बहुतेक पलटणींकडे गुळगुळीत नळीच्या, केपाच्या जुन्या मस्केटी होत्या. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत बंदुकीची गोष्ट त्या उठावाशी जोडलेली असते, बंदूक मात्र नंतरची निघते.

उठावानंतर सरकारने काय केलं ते महत्त्वाचं आहे. हिंदी पलटणींसाठी १८५८ आणि १८५९ चे नमुने काढले. दिसायला हुबेहूब एनफिल्ड, पण नळीतल्या खाचा काढून भोक ०.६५६ इंच रुंद केलेला आणि मागची चढती माशी (नेम धरायची खूण) काढून तिथे साधा ठोकळा. लांबवरचा नेम जाऊ नये एवढाच हेतू. गोऱ्या पलटणीपेक्षा हिंदी पलटण एक पिढी मागे ठेवायची हे धोरण पुढे कित्येक वर्षं चाललं. २७ जुलै १८८० ला अफगाणिस्तानात मायवंदच्या लढाईत गोऱ्यांच्या ६६ व्या पलटणीकडे स्नायडरनंतरच्या मार्टिनी-हेन्री होत्या, आणि त्याच मैदानावर मुंबई लष्कराच्या ग्रेनेडियर आणि जेकब्ज रायफल्सच्या हाती स्नायडर. गोऱ्या आणि हिंदी, दोन्ही पलटणींची माणसं सारखीच मेली.

म्हणून ताई, तुमचे सुभेदार १८७० नंतर नोकरीत असतील, तर त्यांनी आयुष्यात स्नायडर चालवलेली असू शकते. घरच्या आठवणीत पिढ्या जाता जाता एक बंदूक दुसरीत मिसळली असेल. सरकारी बंदूक मात्र पेन्शनीत जाताना घरी नेता येत नसे. ती घरी कशी आली हा प्रश्न उरतोच.

यासाठी एक तपासा. ठोकळा उघडा, मागून टॉर्च धरा, नळीच्या तोंडातून बघा. तीन खाचा वळत गेलेल्या दिसतात की आत आरशासारखं गुळगुळीत आहे? आणि तोंडाशी भोक व्हर्नियरने मोजा. ०.५७७ इंच म्हणजे १४.६६ मिमी.

न्यूजर्सीकर

धागा फारच कामाचा. इथे माझ्या शेजाऱ्यांकडे एक बंदूक आहे, मार्टिनीसारखी, खाली तरफ असलेली. त्यांनी ती इथल्याच व्यापाऱ्याकडून घेतली. तिच्यावर देवनागरी अक्षरं आणि देवनागरीत १९ ने सुरू होणारं साल आहे. वाचता येतं म्हणून मला बोलावलं. मला वाटलं आपल्याकडच्या एखाद्या संस्थानची असेल, होळकर किंवा शिंदे. पण साल १९४० च्या पुढचं, त्या काळात असली बंदूक कोण बनवेल?

माजी_आर्मरर

संस्थान नाही, नेपाळ. साल विक्रम संवताचं आहे. त्यातून ५७ वजा करा म्हणजे इसवी सन मिळेल, १९४६ असेल तर साधारण १८८९. आपण मराठी माणसं देवनागरी आकडे बघून थेट इसवी सन वाचतो आणि तिथेच चकतो. आपल्याकडच्या वस्तूवर शालिवाहन शकाचं साल असेल तर ७८ मिळवायचे, तो हिशोब वेगळा.

तरफेची आहे म्हणजे बहुधा गहेंद्र रायफल. जनरल गहेंद्र शमशेर यांच्या नावाने ओळखली जाते, नेपाळमध्येच बनली. बाहेरून मार्टिनी, आतली रचना वेगळी. काठमांडूच्या जुन्या शस्त्रागारातला प्रचंड साठा २००३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला, त्यामुळे तिकडे त्या सर्रास मिळतात. त्या साठ्यात एनफिल्ड आणि स्नायडरही होत्या, देवनागरी आकडे कोरलेल्या. शेजाऱ्यांना सांगा, त्यातली गोळी झाडू नका. लोखंड आणि जोडकाम यांचा भरवसा नसतो.

सह्यवाट

खैबरच्या नकली बंदुकांबद्दल वाचलं होतं. ताईंची तशी नसेल कशावरून?

माजी_आर्मरर

रास्त प्रश्न. खैबरकडच्या दर्रा आदमखेल गावच्या आणि आसपासच्या कारागिरांनी शिक्क्यांसकट हुबेहूब बंदुका केल्या, आणि हातकाम म्हणून त्यातल्या काही थक्क करणाऱ्या आहेत. पण शिक्का करणाऱ्याला इंग्रजी वाचता येत नसे. त्यामुळे इंग्रजी एन उलटा पडतो, 'एनफिल्ड'मधलं एखादं अक्षर गळतं, मुकुट एका अंगाला कलतो. राणी १९०१ मध्ये वारली, तरी व्ही. आर. खाली त्यानंतरची सालं घातलेली सापडतात.

ताईंच्या लॉकप्लेटचा मोठा फोटो बघा. व्ही आणि आर च्या मधे टिंब, मुकुटाचे मोती मोजता येतात, अक्षरांची खोली सगळीकडे सारखी, आणि पट्टीच्या कडेने दुहेरी रेघ कुठेही न थरथरता घोड्याखाली गेली आहे. घोड्याच्या पुढे तपासनिसाचा चिमुकला मुकुट आहे, त्याखाली आकडा. नक्कल करणारा मोठे शिक्के उतरवतो, हे बारके सोडून देतो. मला शंका नाही.

ऱ्हस्वदीर्घ

फोटोत नळीवर तपकिरी थर दिसतोय. चिंच आणि रांगोळी लावून घासली तर अजून काही शिक्के वर येतील.

माजी_आर्मरर

नको, अजिबात नको. शिक्के मिलीमीटरच्या काही अंशाएवढे खोल असतात. घासलं की आधी तेच जातात. पॉलिश पेपर, चिंच, लिंबू, ब्रासो, यातलं काहीही त्या लोखंडाला, पितळेला किंवा लाकडाला लागता कामा नये. जुन्या सुती कापडावर शिवणयंत्राचं तेल दोन थेंब, हलक्या हाताने लोखंडावरून फिरवा, जादाचं पुसून घ्या. लाल, भुगा होणारा गंज तेवढा निघेल. तपकिरी, घट्ट थर राहू द्या, तो खालचं लोखंड राखतो. लाकडाला वॉर्निश नको. कोकणातल्या पावसात ती प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नका, आत दव धरतं.

कायदा_कट्टा

मधे लिहितो, कारण हा भाग राहून जाईल. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या, प्राचीन मोलाच्या हत्यारांना सूट आहे. पण शब्द नीट वाचा. जे हत्यार दुरुस्ती करून किंवा न करता बंदूक म्हणून वापरताच येणार नाही, त्यालाच ती सूट. ताईंची बंदूक उघडते, मिटते, घोडा शाबूत आहे. 'जुनी आहे, चालतंय' हे पोलीस ठाण्यात टिकणार नाही.

परवानाधारक वारल्यावर वारसांनी हत्यार जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून मग आपल्या नावाचा अर्ज करायचा असतो. वकिलामार्फत लेखी अर्ज घेऊन स्वतःहून जा, वारसा दाखवणारे कागद न्या, जमा केल्याची पावती घ्या. पावतीत वर्णन सविस्तर लिहून घ्या, वर काकांनी सांगितलेल्या शिक्क्यांसकट.

आणखी एक. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरची अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या नातेवाइकांना भेट द्यायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो सोडा.

दाभोळखाडी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

नळी आतून पूर्ण गुळगुळीत आहे. एकही खाच नाही. तोंडाशी भोक साडेपंधरा मिमी भरला. नळीच्या वर, मागच्या माशीच्या जागी, नुसता झाळकामाचा चौकोनी डाग आहे.

दुसरं, काकूने देवघराखालच्या फडताळातून कागद काढले. त्यात पणजोबांच्या नावाचा बंदुकीचा परवाना आहे, १८७८ च्या कायद्याखालचा. कारण लिहिलं आहे पिकांचं रक्षण. बंदुकीचं वर्णन 'एक नळी, मागून भरावयाची'. पुढे आजोबांनीही नूतनीकरण केल्याच्या नोंदी आहेत, ते गेल्यावर थांबलं. सुभेदार हे पणजोबांचे आजोबा. म्हणजे बंदूक दोन पिढ्यांनी नंतर आली.

माजी_आर्मरर

ताई, हा कागद म्हणजे या धाग्यातला सगळ्यात मोठा पुरावा. बंदुकीइतकाच जपा, लॅमिनेट करू नका.

आता सगळं जुळतं. पलटणींकडे मार्टिनी आल्या आणि स्नायडर मागे पडल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच बंदुकांच्या खाचा कोरून काढल्या, नळ्या गुळगुळीत केल्या, लांब पल्ल्याची माशी उतरवली आणि त्या पोलीस, तुरुंग पहारे अशांना दिल्या. छर्रे टाकायला ठीक, दूरवर गोळी मारायला निरुपयोगी. तुमचे १४.६६ चे साडेपंधरा झाले आणि माशी गेली, दोन्हींचा अर्थ एकच. अशा बंदुका नंतर मोडीत निघाल्यावर परवान्याने लोकांकडे गेल्या. कोकणात रानडुकरांपासून भात आणि नाचणी राखायला परवाना देण्याची पद्धत जुनीच, आजही आहे.

म्हणजे बर्मिंगहॅम किंवा लंडनच्या ठेकेदाराकडे १८६० ला ठासणीची, १८६६ नंतर स्नायडर, मग हिंदुस्थान सरकारची, मग खाचा काढून पहाऱ्याची, आणि शेवटी तुमच्या पणजोबांच्या शेतावर. विक्रीचा शिक्का, म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन बाण, फोटोत दिसत नाही. इकडे निकालात काढलेल्यांवर तो असेलच असं नाही, त्यामुळे त्यावर अडू नका.

काडतुसांचं विचारायचं राहिलं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे स्नायडरच्याच काळातला. फडताळात पितळी पत्र्याची, लोखंडी बुडाची जाड काडतुसं सापडली तर हात लावू नका, बंदुकीसोबत त्यांचीही नोंद ठाण्यात करा.

इतिहासप्रेमी_वाई

सुभेदारांसाठी वेगळा शोध घेता येईल का? मला त्यांचं फार वाटतं. बंदूक त्यांची नाही म्हणून त्यांची गोष्ट पुसली जाऊ नये.

माजी_आर्मरर

येईल. त्याला बंदूक लागत नाही, पलटणीचं नाव लागतं. घरात पदक असेल तर त्याची कड बघा. ब्रिटिश काळातल्या मोहिमांच्या पदकांच्या कडेवर बहुतेक वेळा शिपायाचं नाव आणि पलटण कोरलेली असते. मुंबई लष्कराचे आणि पेन्शनींचे कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. मुंबईच्या पुराभिलेखागारातही बघावं.

दाभोळखाडी

पदक आहे. काकूकडेच, साडीच्या घडीत. कड काळी पडली आहे, ती न घासता टॉर्च बाजूने धरून वाचते आणि इथे लिहिते. बंदुकीचा अर्ज वकिलांनी तयार केला आहे, सोमवारी भाऊ ठाण्यात घेऊन जातोय. वर्णनात मार्क दोन, दोन चांदण्या, बाणाखाली आय आणि गुळगुळीत नळी हे सगळं घातलं आहे.